अकाली रजोनिवृत्ती, हार्मोन आणि गर्भनिरोधन : माझी तीन वर्षे

पाळी थांबली म्हणजे गर्भधारणेचा प्रश्न मिटला, असे मी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी सहा महिने गृहीत धरून चालले होते. हा समज माझ्या मनाने घेतलेला नव्हता. रिपोर्ट समोर ठेवून, दवाखान्याच्या खुर्चीत बसवून मला तो स्पष्ट शब्दांत सांगितला गेला होता. त्या एका वाक्यामुळे आमच्या घरात जे दहा-बारा दिवस गेले, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात २०२२च्या मे महिन्यात झाली. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि घामाघूम होणे ही कुणाला सांगण्यासारखी तक्रार उरत नाही. त्यामुळे अंगातून एकाएकी वाफा निघू लागल्या, छातीपासून कानशिलांपर्यंत सगळे तापून पुढच्या पाच मिनिटांत ब्लाउज ओला होऊ लागला, तेव्हा मी उन्हाळ्यालाच दोष दिला. पाळी कधी पन्नास दिवसांनी, कधी सत्तर दिवसांनी येत होती, तो दोष मी शाळेतल्या कामाच्या ताणावर टाकला. डिसेंबर उजाडला, पारा दहाच्या खाली उतरला आणि मी पहाटे तीन वाजता पंखा लावून पलंगावर बसलेली आईला दिसले. ती चार दिवस राहायला आली होती. "काहून गं, एवढ्या थंडीत पंखा लावून बसली?" असे तिने विचारले आणि मग माझ्या ओल्या मानेला हात लावून ती बराच वेळ काही बोलली नाही. तिची स्वतःची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली होती. मी अडतीस वर्षांची होते.

जानेवारी २०२३मध्ये धंतोलीतल्या एका दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या. एफएसएच हे हार्मोन मेंदूतली पीयूष ग्रंथी बीजकोशांना कामाला लावण्यासाठी सोडते. बीजकोश दाद देईनासे झाले की ग्रंथी आपला आवाज चढवत जाते आणि रक्तातला आकडा वाढतो. माझा आकडा ६२ आला. पाच आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा तो ७१ होता. निदानासाठी तो २५च्या वर असणे पुरेसे धरतात. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे बीजकोश बनवतात ते मुख्य इस्ट्रोजेन हार्मोन, जवळजवळ तळाला गेले होते. थायरॉइड, ॲड्रिनल ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये, गुणसूत्रे आणि एफएमआर-१ जनुक या सगळ्यांचे रिपोर्ट नीट आले, म्हणजे कारण सापडले नाही. बहुतेक जणींच्या बाबतीत ते सापडतच नाही. एफएमआर-१चा रिपोर्ट नीट आल्याचे समाधान मला स्वतःपेक्षा माझ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी अधिक वाटले, कारण त्यातला दोष पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो.

चाळीस ते पंचेचाळीस या वयात पाळी गेली तर तिला लवकर आलेली रजोनिवृत्ती म्हणतात. चाळिशीच्या आत हे घडले तर डॉक्टर आता 'प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशिअन्सी' असा शब्द वापरतात. पूर्वी यात 'फेल्युअर' असा शब्द होता. तो बदलण्याचे कारण मला फार उशिरा कळले, आणि माझी सगळी हकिगत त्या बदललेल्या शब्दातच आहे : बीजकोश अपुरे पडलेले असतात, पण ते कायमचे बंद झालेले असतातच असे नाही.

मार्चपासून उपचार सुरू झाले. इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेटची २ मिलिग्रॅमची गोळी रोज, आणि दर महिन्याच्या १ ते १२ तारखेपर्यंत रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची गोळी. गर्भपिशवी असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण त्याने पिशवीचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यात कर्करोगाची शक्यता वाढते. प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला आवर घालते. गोळ्या संपल्या की साधारण १५ तारखेला पाळीसारखा रक्तस्राव होई. तीन आठवड्यांत वाफा थांबल्या. वर्गात फळ्यावर लिहिताना शब्द विसरण्याचे प्रमाण कमी झाले. मला मी परत मिळाले, असे तेव्हा वाटले होते.

दवाखान्यातून निघताना मी विचारले होते, "डॉक्टर, आता आम्हाला काही काळजी घ्यावी लागेल का?" उत्तर आले, "आता कसली काळजी? बीजच उरलेले नाही तुमच्यात."

त्या वाक्याने दोन गोष्टी एकदम झाल्या. दुसरे मूल नको, हे आम्ही मुलगी पाच वर्षांची असतानाच ठरवले होते, त्यामुळे त्या दृष्टीने मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. आणि तसे वाटलेही. पण आपण नको म्हणणे वेगळे आणि शरीराने परस्पर दार लावून घेणे वेगळे. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलेल्या ऑटोत मी रडले. माझ्या पतींनी काही न विचारता खिशातला रुमाल दिला. घरी आल्यावर काही दिवसांनी आम्ही निरोध वापरणे सोडले. इतक्या वर्षांनी काही मोजावे-पाहावे लागत नाही, याचा त्या दुःखात थोडा आधारही होता.

सप्टेंबर २०२३ हा गोळ्यांचा सातवा महिना होता. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. त्या वर्षी २१ तारखेला आवाहन होते. रक्तस्राव १५च्या सुमारास होऊन जाईल आणि महालक्ष्म्यांच्या आधी सगळे आटोपेल, असा माझा हिशेब होता. १५ तारीख गेली, १८ गेली. छाती दुखू लागली. सासूबाईंना तर बरेच वाटले की सूनबाईची अडचण यंदा आली नाही. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनांत दरमहा पेन्सिलीने एक टिंब काढत असे. त्या महिन्यात तो १५चा चौकोन कोरा होता आणि पुरणाचा कट शिजवताना माझी नजर दर पाच मिनिटांनी त्या कोऱ्या चौकोनावर जात होती.

२० तारखेला पहाटे मी किटवर तपासणी केली. एकच रेघ आली. पण किट फार लवकर केले तर दुसरी रेघ उमटत नाही, हे मला ठाऊक होते, म्हणून त्या एका रेघेवर माझा विश्वास बसेना. २२ तारखेला पूजा झाली, सोळा भाज्या झाल्या, सवाष्णी जेवून गेल्या. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, शहरावर असा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठच्या वस्त्यांत पाणी घातले आणि सकाळी अर्धे नागपूर चिखलात उभे होते. आमचा भाग वाचला होता, पण शनिवार-रविवार कुठेही जाणे झाले नाही. त्या दोन दिवसांत मी पतींना सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "असेल तर असू दे. नसेल तरी असू दे. पण तुला कुणी असे सांगायला नको होते." मला त्यांचे शेवटचे वाक्य आजही पहिल्या दोहोंपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

सोमवारी २५ तारखेला आम्ही दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी रक्ताची गर्भधारणा-तपासणी करून घेतली. ती नकारात्मक आली. मग सोनोग्राफी केली. पडद्यावर डाव्या बीजकोशात एक गोल सावली आणि तिच्याभोवती उजळ कडे होते. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवून सांगितले, की बीज बाहेर पडून गेल्यावर मागे जी गाठ उरते, ती ही. म्हणजे ७१ एफएसएच असलेल्या, हार्मोनच्या गोळ्या नेमाने घेणाऱ्या माझ्या शरीरातून साधारण दोन आठवड्यांपूर्वी एक बीज सुटले होते. ती गाठ स्वतः प्रोजेस्टेरॉन तयार करते, म्हणून गोळ्या संपूनही रक्तस्राव झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो झाला.

पडद्यावरची ती सावली बघताना मला काय वाटले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ज्याच्यासाठी मार्चमध्ये ऑटोत रडले होते ते अजून आहे, याचा क्षणभर आनंद झाला. आणि त्याच क्षणी पोटात भीतीचा गोळाही आला.

मॅडमनी त्या दिवशी पाऊण तास दिला. त्यांचे म्हणणे मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. या आजारात बीजकोश मधूनमधून जागे होतात. अशा बायकांपैकी साधारण शंभरात पाच ते दहा जणींना उपचारांशिवाय गर्भ राहतो. मूल हवे असलेल्या बाईला हा आकडा फार लहान वाटेल, नको असलेल्या बाईला तो फार मोठा आहे. दुसरे असे, की रजोनिवृत्तीचे हार्मोन आणि गर्भनिरोधक गोळी या दोन्हींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचीच औषधे असली, तरी त्यांचे काम वेगळे आहे. गर्भनिरोधक गोळीतली औषधे अशा ताकदीची असतात की पीयूष ग्रंथीचा संदेशच दबतो आणि बीज तयार होत नाही. माझ्या गोळ्या केवळ शरीरात जे कमी पडले तेवढे भरून काढत होत्या. संदेश पूर्णपणे दाबण्याइतका त्यांचा जोर नव्हता. "भात कमी पडला म्हणून वाढला, त्याने दाराला कुलूप लागत नाही," असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी कित्येक मैत्रिणींना सांगितले आहे.

मग प्रश्न राहिला तो उपायाचा. मी आधी विचारले ते माला-डीसारख्या गोळीबद्दल, कारण एकाच गोळीत दोन्ही कामे होतात आणि कमी वयाच्या बऱ्याच जणींना डॉक्टर तीच देतात. (त्या पाकिटातल्या सात लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात वाफा परत येतात, म्हणून अशा बायकांना ती बहुधा खंड न पाडता देतात, ही माहितीही तेव्हाच मिळाली.) मॅडमनी उलट विचारले, "डोके दुखते का कधी?" मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे. दुखणे सुरू होण्याआधी वीस मिनिटे डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेघा येतात. हे ऐकताच त्यांनी ती गोळी बाद केली. अशा रेघांच्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी पक्षाघाताचा धोका वाढवते. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते, त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने तशी वाढल्याचे दिसत नाही, म्हणून त्यांनी माझी रोजची इस्ट्रॅडिऑलची गोळीही बदलून जेल सुरू करायचे ठरवले. अर्धशिशीबद्दल आधीच्या दवाखान्यात मला कुणी विचारले नव्हते, आणि मीही आपण होऊन सांगितले नव्हते.

तांबी सरकारी रुग्णालयात मोफत बसवून मिळते आणि ती उत्तम काम करते, पण तिच्याबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागल्या असत्या, आणि त्या गोळ्यांनी मला सकाळी पहिल्या तासापर्यंत गुंगी असे. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन हाडांची घनता कमी करते, आणि माझी हाडे हाच तर काळजीचा विषय होता. 'छाया' ही आठवड्याची गोळी शरीरात इस्ट्रोजेन जिथे काम करते तिथेच जाऊन बसते, म्हणून इस्ट्रोजेनच्या उपचाराबरोबर ती त्यांना नको होती. नुसत्या प्रोजेस्टोजेनची (म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या औषधाची) रोजची छोटी गोळी गर्भ टाळते, परंतु गर्भपिशवीच्या अस्तराच्या रक्षणासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. माझ्या पतींनी स्वतःहून नसबंदीचे विचारले. मॅडमना तो पर्यायही मान्य होता; मात्र त्याने माझी प्रोजेस्टेरॉनची गरज संपत नव्हती.

दोन्ही गरजा एकत्र भागवणारी गोष्ट म्हणून शेवटी मिरेना, म्हणजे तांबीसारखे गर्भपिशवीत बसवायचे एक साधन, ठरली. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे हार्मोन ५२ मिलिग्रॅम साठवलेले असते आणि ते रोज अगदी अल्प प्रमाणात गर्भपिशवीतच झिरपत राहते. त्यामुळे अस्तर पातळ राहते आणि गर्भही राहत नाही. तिच्यात तांबे नसते, तरी तिथल्या सिस्टर तिला 'हार्मोनवाली तांबी' म्हणत होत्या, आणि मलाही तेच नाव सोयीचे वाटते. खर्च बऱ्यापैकी झाला; पण पाच वर्षांत तो वाटला तर दरमहाच्या गोळ्यांपेक्षा फार वेगळा नव्हता.

ती लगेच बसवली नाही. माझ्या शरीराच्या तारखा भरवशाच्या नसल्यामुळे आधी आम्हाला निरोध पुन्हा सुरू करावा लागला, त्यानंतर तीन आठवडे उलटल्यावर तपासणी पुन्हा केली, आणि नोव्हेंबरमध्ये, दिवाळी झाल्यावर, ती बसवली. एक तास आधी दुखणे कमी करणारी गोळी घेतली होती. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. त्यातला अर्धा मिनिट फार दुखले, पाळीच्या पहिल्या दिवसाच्या चौपट म्हणता येईल इतके. सिस्टरांनी माझा तळहात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. त्यानंतरचे सात दिवसही निरोध वापरावा असे सांगितले होते. पुढचे चार महिने अधूनमधून थेंब थेंब अंगावरून जात होते, ज्याचा त्रासापेक्षा वैताग जास्त होता. हे असे होणार, याची कल्पना आधी दिली होती म्हणून मी धीर धरला. नसती दिली तर ती काढून टाकायला मी दुसऱ्याच महिन्यात गेले असते.

जेलचा पंप मात्र रोजचा सोबती झाला. अंघोळ करून अंग पूर्ण कोरडे केल्यावर दोन वेळा दाबायचे, मांडीच्या आतल्या बाजूला पसरवायचे, चोळायचे नाही, पाच मिनिटे वाळू द्यायचे आणि हात साबणाने धुवायचे. थंडगार स्पर्श होतो आणि क्षणभर दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा वास येतो. उन्हाळ्यात पंचाईत अशी, की अंग कोरडे होतच नाही; म्हणून मे-जूनमध्ये मी जेल सकाळऐवजी रात्री, कूलर बंद करून पंख्याखाली लावते, आणि तो पंप खिडकीजवळच्या फळीवर न ठेवता घरातल्या सर्वांत गार खोलीतल्या खालच्या खणात ठेवते. मुलगी लहानपणच्या सवयीने अजूनही माझ्या मांडीवर डोके ठेवून पडते. तिच्या त्वचेला जेल लागू नये म्हणून लावल्यानंतर तासभर मी सलवार घालून बसते. तिने एकदा विचारले तेव्हा मी तिला सांगितले, की आईच्या शरीरात एक रस कमी बनतो, तो ती वरून लावते. तिला ते पुरले.

नणंदेला पुरले नाही. "वहिनी, हार्मोननं कॅन्सर होते म्हणतात न," असे ती दिवाळीत म्हणाली, आणि तिच्या काळजीत खोटे काही नव्हते. ही भीती प्रामुख्याने २००२मध्ये मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, त्यांची पाळी वयानुसार गेलेली होती आणि त्यांना दिलेली औषधेही वेगळी होती. जे हार्मोन माझ्या शरीराने पन्नाशीपर्यंत स्वतःच बनवायचे होते, ते मी तेवढ्या काळापुरते बाहेरून घेत आहे. न घेतल्याचा धोका माझ्यासाठी अधिक आहे : हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकार लवकर येण्याचा. २०२३मध्ये केलेल्या डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कण्याचा झेड-स्कोअर उणे १.९ होता, म्हणजे माझ्या वयाच्या मानाने घनता बरीच कमी. २०२५मध्ये तो उणे १.५ आला. मी नणंदेला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत अवघड वाटली, ती म्हणजे गर्भनिरोधन कधी थांबवायचे हे ठरवणे. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पण मिरेनामुळे आता रक्तस्रावच होत नाही, मग शेवटची पाळी कोणती म्हणायची? आणि बाहेरून इस्ट्रोजेन चालू असताना एफएसएचचा आकडाही काहीसा खाली येतो, त्यामुळे त्यावरून निर्णय करता येत नाही. मॅडमनी हा पेच सरळ सोडवला : हार्मोन पन्नाशीपर्यंत चालणारच आहेत, तोवर मिरेनाही राहील, आणि त्यानंतरचे त्या वेळी पाहू.

मिरेना बसवल्यावर एक लहानसे कार्ड मिळाले होते. गर्भनिरोधक म्हणून ती आठ वर्षांपर्यंत काम करते असे आता मानतात. परंतु इस्ट्रोजेनबरोबर अस्तराच्या रक्षणासाठी ती पाच वर्षांनीच बदलायची असते. कार्डावर तारीख लिहायला एकच रेघ होती. मी त्या रेघेवर 'नोव्हेंबर २०२८, अस्तर' आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'नोव्हेंबर २०३१, गर्भ' असे लिहिले, आणि ते कार्ड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी चिकटवले.